वाणाचा फरक की जमिनीचा? अनेक केंद्रांतल्या मेंदू-स्कॅनचा हिशेब

मंगळवेढ्याच्या काळ्या कसदार जमिनीत मालदांडी ज्वारी पेरली, सांगोल्याच्या मुरमाड माळावर दुसरं एखादं वाण पेरलं, आणि सुगीला मालदांडीचं धान्य जास्त भरलं. यावरून मालदांडी सरस ठरते का? सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही कोरडवाहू शेतकरी आधी विचारील, "जमीन कुठली होती?" मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ३५-१ निवडून काढणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा होता. सोलापुरात १९३३ पासून चालत आलेल्या कोरडवाहू शेती संशोधनाचा पायाही तोच आहे: दोन वाणांची तुलना करायची तर दोन्ही एकाच जमिनीत शेजारीशेजारी पेरायची, आणि असे अनेक तुकडे घ्यायचे. पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीच्या प्रयोगांसाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला. त्यातला तुकड्यांचा हिशेब आजही जसाच्या तसा लागू पडतो.

मेंदूच्या एमआरआयचे आकडे समोर आले की मात्र हा प्रश्न विचारायचा राहून जातो. रेडिओलॉजी, मेडिसिन किंवा मानसोपचारात थिसिस करणारे विद्यार्थी आणि त्यांना हिशेबात मदत करणारे संख्याशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. एका रुग्णालयात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन गावांची केंद्रं एकत्र येतात. कुठे १.५ टेस्लाचं मशीन, कुठे ३ टेस्लाचं. कॉइल वेगळी, स्कॅनची पद्धत वेगळी, कंपनी वेगळी. एकाच माणसाला दोन्ही ठिकाणी झोपवलं तरी त्याच्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या एका छोट्या भागाचं, माप सारखं येत नाही. ही झाली जमीन. रुग्ण आणि निरोगी हे दोन गट म्हणजे दोन वाणं.

आता एक हिशेब कागदावर करून पाहा. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. समजा सोलापूरच्या केंद्रात ४० रुग्ण आणि १० निरोगी, पुण्याच्या केंद्रात १० रुग्ण आणि ४० निरोगी. दोन्हीकडचे मिळून ५० रुग्ण, ५० निरोगी. वरवर पाहता तराजू अगदी समतोल. आता असं धरा की आजाराचा हिप्पोकॅम्पसवर काहीही परिणाम नाही. फक्त मशीनच्या फरकामुळे सोलापुरात सगळ्यांचं सरासरी माप ३.३ मिलिलिटर येतं आणि पुण्यात ३.६. केंद्र न पाहता सगळे एकत्र केले तर रुग्णांची सरासरी ३.३६ येते आणि निरोगींची ३.५४. फरक ०.१८ मिलिलिटरचा. केंद्राच्या आत माणसामाणसातलं प्रमाण विचलन ०.४ धरलं तर या फरकाचं पी-मूल्य ०.०५ च्या खाली उतरतं. 'आजारात हिप्पोकॅम्पस आक्रसतो' असा निष्कर्ष लिहून मोकळं व्हायला एवढं पुरतं, आणि त्यात मेंदूबद्दलचं एक अक्षरही खरं नसतं. रुग्ण सोलापुरात जास्त होते, निरोगी पुण्यात जास्त होते, एवढंच त्या आकड्याने सांगितलं.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. दोन गटांच्या एकूण संख्येवर विसंबू नका. केंद्रनिहाय तक्ता मांडा: प्रत्येक केंद्रात रुग्ण किती, निरोगी किती, त्यांत बायका किती, पुरुष किती, वयं काय. सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा तक्ता हाताने लिहावा असं मी आग्रहाने सांगतो. जो घोळ पुढे महिनोन् महिने छळतो, तो या तक्त्यात पाच मिनिटांत दिसतो.

तक्ता झाला की प्रत्येक केंद्राचं वजन काढा. रुग्णसंख्या गुणिले निरोगींची संख्या, भागिले दोघांची बेरीज. वरच्या उदाहरणात सोलापूरचं वजन ४० गुणिले १० भागिले ५०, म्हणजे ८. पुण्याचंही ८. एकूण १६. त्याच १०० माणसांत दोन्हीकडे २५-२५ असे गट असते तर प्रत्येक केंद्राचं वजन १२.५ आणि एकूण २५ झालं असतं. म्हणजे केंद्राचा फरक नीट बाजूला काढल्यावर तुमच्या १०० स्कॅनमधून समतोल गटांच्या ६४ स्कॅनएवढीच माहिती हाती लागते. बाकीचे ३६ स्कॅन असमतोलाच्या खाती गेले. आणि एखाद्या केंद्रात ३० रुग्ण आहेत, निरोगी एकही नाही, तर वजन शून्य. त्या ३० जणांना मशीनमध्ये झोपवलं, अर्धा-पाऊण तास हलू दिलं नाही, आणि गटांमधल्या फरकाबद्दल त्यांनी काहीही सांगितलं नाही. वयाचा परिणाम किंवा मोजमापातली विखुरण समजायला ते स्कॅन उपयोगी पडतील, पण मूळ प्रश्नाला नाही.

हेच सूत्र दुसऱ्या बाजूने धीरही देतं. एकाच केंद्रात ५० रुग्ण आणि १५० निरोगी असतील तर वजन ३७.५ येतं, ७५ आणि ७५ असते तरी तेवढंच आलं असतं. संख्या असमान असणं हा दोष नव्हे, ती थोडी उधळपट्टी आहे. म्हणून गट सारखे दिसावेत यासाठी निरोगी माणसांचे स्कॅन काढून टाकायची जी पद्धत दिसते, ती सोडून द्या. १५० पैकी १०० निरोगी काढून टाकले तर वजन ३७.५ वरून २५ वर येतं. हातचं घालवून मिळवलं काहीच नाही. याउलट रुग्ण २० च मिळत असतील तर निरोगी वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे: २० निरोगींना वजन १०, ४० ला १३.३, ८० ला १६, आणि कितीही वाढवले तरी २० च्या पुढे जाणारच नाही. एका रुग्णामागे चार निरोगी इथवर खर्च समजण्यासारखा. त्यापुढचा पैसा नवीन रुग्ण शोधायला वापरा.

खरा धोका असमान संख्येत नाही. असमानता केंद्राशी जोडली जाते तिथे आहे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एडीएचडी-२०० या संग्रहाचं. लक्ष विचलित होणाऱ्या, अतिचंचल मुलांचे आणि इतर मुलांचे मेंदू-स्कॅन आठ केंद्रांतून गोळा करून २०११ मध्ये जगासमोर एक स्पर्धा ठेवली गेली: स्कॅनवरून निदान ओळखून दाखवा. शिकण्यासाठी दिलेल्या संचात ७७६ मुलं होती, ४९१ सामान्य आणि २८५ एडीएचडीची. पण पिट्सबर्गची ८९ आणि वॉशिंग्टन विद्यापीठाची ६१ मुलं सगळीच्या सगळी सामान्य होती. आपल्या सूत्राने १५० मुलांचं वजन शून्य. मग झालं असं की कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने स्कॅन बाजूलाच ठेवले. वय, लिंग, उजवा-डावा हात, बुद्ध्यांक आणि केंद्र एवढ्याच माहितीवर त्यांनी ६२.५ टक्के अचूकता गाठली. स्कॅन वापरून विजयी ठरलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाची अचूकता ६०.५ टक्के होती. अल्बर्टाची पद्धत स्कॅनवर आधारलेली नाही म्हणून ती बक्षिसाला पात्र ठरली नाही, पण सगळ्या क्षेत्राला तिने एक धडा घालून दिला. यंत्राला शिकवताना मूल कुठल्या गावचं एवढं कळलं तरी निम्मं काम होऊन जातं, आणि मेंदूचं चित्र गावाचं नाव लपवू शकत नाही. मशीनची छाप त्या चित्रातच असते.

म्हणून मशीन लर्निंग करणाऱ्यांनी चाचणीसाठी यादृच्छिकपणे २० टक्के माणसं बाजूला काढण्यावर समाधान मानू नये. एक अख्खं केंद्र बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिकवा, बाजूच्यावर तपासा, आणि असं प्रत्येक केंद्राबाबत करा. आणि साध्या अचूकतेवर भाळू नका: ९० निरोगी आणि १० रुग्ण असताना डोळे झाकून सगळ्यांना निरोगी म्हटलं तरी ९० टक्के गुण पडतात. रुग्णांतले किती ओळखले आणि निरोगींतले किती ओळखले, हे वेगवेगळं काढून त्यांची सरासरी सांगा.

आता नेहमीच्या गटतुलनेकडे येऊ. इथे सर्वात जास्त चुका ज्या एका जागी होतात, तिथे मी थोडा रेंगाळणार आहे. 'केंद्राचा परिणाम काढून टाकायचा' म्हणून लोक प्रत्येकाच्या मापातून त्याच्या केंद्राची सरासरी वजा करतात, आणि उरलेल्या आकड्यांवर दुसऱ्या पायरीत रुग्ण-निरोगी तुलना करतात. गट समतोल असतील तर सरासऱ्यांतला फरक बरोबर येतो. असमतोल असतील तर केंद्रासोबत आजारही धुऊन जातो. वरचंच उदाहरण उलटं करून पाहा. आता मशीनचा फरक शून्य धरा, आणि आजाराने खरोखरच ०.३० मिलिलिटर घट होते असं धरा: निरोगी ३.६, रुग्ण ३.३. सोलापुरात रुग्ण जास्त, म्हणून तिथली सरासरी ३.३६, पुण्यात ३.५४. या सरासऱ्या वजा केल्यावर रुग्णांची सरासरी उणे ०.०९६ आणि निरोगींची अधिक ०.०९६ येते. फरक ०.१९२. खऱ्या ०.३० पैकी ६४ टक्केच उरला. हा ६४ चा आकडा मघाशीही आला होता, आणि तो योगायोग नव्हे. सोलापूरची सरासरी कमी होती ती तिथे रुग्ण जास्त होते म्हणून. ती वजा करताना आपण आजाराचाच एक हिस्सा वजा केला.

उपाय अवघड नाही. दोन पायऱ्या करू नका. गट, केंद्र, वय, लिंग आणि कवटीचा एकूण आकार ही सगळी चलं एकाच रिग्रेशन मॉडेलमध्ये एकाच वेळी घाला. मग गटाचा परिणाम केंद्राच्या आतल्या तुलनेतून निघतो, आणि उत्तर ०.३० च येतं. मंगळवेढ्यातली मालदांडी मंगळवेढ्यातल्याच दुसऱ्या वाणाशी ताडून पाहायची, सांगोल्यातली सांगोल्यातल्याशी, आणि मग त्या फरकांची वजनाप्रमाणे सरासरी घ्यायची. मॉडेल पोटात हेच करत असतं.

केंद्र स्थिर परिणाम म्हणून घालायचं की यादृच्छिक, यावर विद्यार्थी फार अडतात. केंद्रं दोन-चारच असतील तर स्थिर घाला, विचार करू नका. तेवढ्या थोड्या केंद्रांवरून केंद्राकेंद्रातली विखुरण अंदाजणं कठीणच असतं. शिवाय केंद्र यादृच्छिक धरलं की मॉडेल केंद्राकेंद्रातल्या तुलनेतूनही थोडी माहिती उचलतं, आणि रुग्णांचं प्रमाण केंद्रागणिक वेगळं असेल तर ती माहिती दूषित असते. केंद्रं वीसेक असतील आणि त्यांतली काही अगदी लहान असतील, तर यादृच्छिक परिणामाचा उपयोग होतो. तेव्हाही दोन्ही प्रकारे करून उत्तरं ताडून पाहावीत.

हल्ली कॉम्बॅट नावाची पद्धत सर्रास वापरली जाते. मुळात जॉन्सन, ली आणि राबिनोविक यांनी ती २००७ मध्ये जनुकांच्या मोजणीसाठी काढली. फोर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ती मेंदूच्या स्कॅनकडे आणली. केंद्रांच्या सरासरीतला आणि विखुरणीतला असे दोन्ही फरक ती जुळवते, लहान केंद्रांना मोठ्यांचा आधार देते. चांगली पद्धत आहे. पण असमतोल गटांत तिच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. कॉम्बॅटला रुग्ण-निरोगी ही माहिती दिली नाही, तर ती आजाराचा काही भाग केंद्राचा समजून पुसून टाकते. माहिती दिली, तर जुळवलेल्या आकड्यांत गटांचा फरक वाजवीपेक्षा पक्का दिसू लागतो, कारण पुढच्या चाचणीला वाटतं की केंद्राचा हिशेब कुणीतरी फुकटात करून दिला. नॉर्वेच्या नायगार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे नेमकेपणाने दाखवून दिलं. तेव्हा गटतुलना एवढाच प्रश्न असेल तर माझा कल साध्या एकत्रित मॉडेलकडेच आहे. कॉम्बॅट वापरायचीच असेल तर माहिती देऊन वापरा, पुढच्या मॉडेलमध्येही केंद्र ठेवा, आणि पी-मूल्य अदलाबदलीच्या चाचणीने काढा. त्या चाचणीत रुग्ण-निरोगी ही लेबलं केंद्राच्या आतल्या आतच बदलायची, सोलापूरचं लेबल पुण्याला द्यायचं नाही, आणि प्रत्येक अदलाबदलीनंतर कॉम्बॅट पुन्हा चालवायची.

विखुरणीचा एक मुद्दा वेगळा. लहान गटात विखुरण जास्त आणि मोठ्या गटात कमी, अशी गाठ पडली की नेहमीची टी-चाचणी फार उदार होते आणि नसलेला फरक आहे म्हणून सांगते. गट सारखे असते तर तिने हे बरंचसं सोसलं असतं. वेल्चची दुरुस्ती किंवा विखुरण वेगळी धरणारं मॉडेल वापरलं की भागतं.

रुग्णालयं स्कॅन बाहेर द्यायला तयार नसतील तर आणखी एक वाट आहे, आणि आपल्याकडे तीच जास्त चालण्याजोगी आहे. प्रत्येक केंद्राने ठरलेल्या एकाच पद्धतीने आपला फरक आणि त्याची प्रमाण त्रुटी काढायची, आणि फक्त ते दोन आकडे एकत्र करायचे. २००९ पासून चाललेल्या एनिग्मा या जागतिक गटाचं बरंच काम याच पद्धतीने झालं. रुग्णाची माहिती त्याच्या रुग्णालयाबाहेर जात नाही, आणि तुलना आपोआप केंद्राच्या आत होते. ज्या केंद्रात तीन-चारच रुग्ण आहेत, तिथे मात्र प्रमाण त्रुटीचा भरवसा राहत नाही.

हे झालं गणित. पण असमतोल येतो कुठून, ते गणितात सापडत नाही. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरपासून धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूरपर्यंतचे रुग्ण येतात. रुग्ण मिळायला अडचण नाही. अडचण निरोगी माणूस मिळण्याची आहे. विडी वळणारी बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार दिवसाची मजुरी बुडवून, काही दुखत नसताना, त्या घणघणणाऱ्या नळीत कशाला शिरेल? मग कंट्रोल म्हणून कोण येतं? वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी. वय बावीस, शिक्षण भरपूर, खाणंपिणं बरं. समोर पंचेचाळीस वर्षांचा यंत्रमाग कामगार. दोन गटांच्या वयांत काही सामायिक पट्टाच नसेल तर मॉडेलमध्ये 'वय' घातल्याने काही दुरुस्त होत नाही. मॉडेल फक्त रेघ लांबवून अंदाज बांधतं, आणि तो अंदाज तपासायला एकही माणूस जागेवर नसतो.

यावर उपाय आहेत, पण ते सिनॉप्सिस लिहितानाच करावे लागतात. निरोगी माणसाच्या बुडालेल्या मजुरीची आणि प्रवासाची भरपाई अंदाजपत्रकात धरा आणि एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. संमतिपत्र मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही करा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबाला स्वतःच्या भाषेत कळलं तर बाई विश्वासाने येते. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला विचारा, तो तसाही दिवसभर बाहेर बसलेला असतो. मात्र जोडीदारच घेत गेलात तर पुरुष रुग्णांसमोर सगळ्या बायका येतील, आणि भावंडं घेतलीत तर आनुवंशिक आजारात फरक बोथट होईल. वहिनी, मेहुणा, शेजारी असं मिश्रण बरं.

आणि स्कॅनचा क्रम. हे मी एकापेक्षा जास्त प्रबंधांच्या तक्त्यांत पाहिलं आहे: आधी वर्षभर सगळे रुग्ण, आणि शेवटच्या दोन महिन्यांत घाईघाईने सगळे निरोगी. मधे मशीनचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, किंवा कॉइल नवी आलेली असते. केंद्र एकच, पण काळ दोन, आणि रुग्ण एका काळात, निरोगी दुसऱ्या काळात. हेही पिट्सबर्गसारखंच झालं, वजन शून्य, आणि तक्त्यात ते दिसतसुद्धा नाही कारण रकाना एकच आहे. मशीनमध्ये मोठा बदल झाला की त्याला नवं केंद्र समजा आणि नवा रकाना करा. तीन-चार रुग्णांमागे एखादा निरोगी, असं आलटूनपालटून घेत राहा. रुग्णांच्या गर्दीत निरोगी माणसासाठी मशीनचा वेळ मागणं जड जातं हे मला माहीत आहे, तरी विभागप्रमुखांशी हे पहिल्याच महिन्यात बोलून घ्यावं.

शक्य असेल तर एक गोष्ट आणखी करा. जपानमधल्या एका प्रकल्पात नऊ निरोगी स्वयंसेवकांनी बारा केंद्रांत फिरून स्कॅन करून घेतले, आणि मशीनचा फरक किती आणि माणसांच्या निवडीचा फरक किती, हे त्यावरून वेगळं काढलं गेलं. तीच माणसं, वेगळी मशीनं. याहून सरळ पुरावा नाही. बारा केंद्रं आपल्याला जमणार नाहीत, पण सोलापूर आणि पुणे अशी दोनच असतील तर सहा-सात स्वयंसेवक पुरेत. आज त्यांचे इथे स्कॅन करायचे, आणि त्याच आठवड्यात एके सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला न्यायचं. रात्रीपर्यंत ते घरी परत येतात.